श्रेय बाटलीला कशासाठी?

वॉरन झेवन या अमेरिकी गायक-गीतकाराबद्दल एक ठरीव गोष्ट सांगितली जाते. ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की आता तिच्याकडे कुणी संशयाने पाहतही नाही. गोष्ट अशी: सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये एक भन्नाट दारुडा होता. तो व्होडका ढोसायचा, घरात पिस्तूल झाडायचा, आणि त्याच तारेत त्याने नरलांडग्यांवर, भाडोत्री सैनिकांवर, खुनी पोरांवर धमाल गाणी लिहिली. १९७६ आणि १९७८ चे दोन अल्बम हा त्याचा कळस. मग दारू सुटली आणि धारही गेली. १९८७ मध्ये ‘सेंटिमेंटल हायजीन’ घेऊन तो परतला खरा, पण तोवर तो सभ्य झाला होता. अल्बम तरला तो बॉब डिलन, नील यंग आणि आर.ई.एम. यांच्या खांद्यांवर. शेवटी २००२ मध्ये कर्करोगाचं निदान झालं, मरण समोर येऊन उभं राहिलं, तेव्हा कुठे या विनोदवीराला गांभीर्य सुचलं.

यातल्या घटना बऱ्याचशा खऱ्या आहेत. त्यांची लावलेली संगती मात्र साफ खोटी आहे. मला जास्त राग याचा येतो, की ही गोष्ट झेवनचे चाहते म्हणवणारेच सर्वांत चवीने सांगतात. ज्यांनी त्याला ऐकलंच नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. ज्यांनी ऐकलं, ज्यांच्याकडे त्याच्या रेकॉर्डी आहेत, त्यांना त्या गाण्यांत काय चाललं आहे हे कळू नये?

‘विनोदवीर’ हा शिक्का बसला तो ‘वेअरवुल्व्ह्ज ऑफ लंडन’मुळे. १९३५ चा ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’ हा भयपट पाहून गायक फिल एव्हर्लीने झेवनला सुचवलं, की यावर एक नाचाचं गाणं कर. लेरॉय मरिनेल आणि गिटारवादक वॉडी वॉक्टेल यांच्या साथीने झेवनने ते केलं, फ्लीटवुड मॅक या बँडचे मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही यांनी ड्रम आणि बास वाजवला, आणि १९७८ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये टॉम क्रूझ त्याच गाण्यावर पूलच्या टेबलाभोवती नाचला. गाणं मजेचं आहे. त्यात खोल अर्थ शोधण्याचा आटापिटा मी करणार नाही. पण एका माणसाची तीन दशकांहून मोठी कामगिरी त्याच्या सर्वांत हलक्या गाण्यावरून मोजायची, हा कुठला न्याय? आणि ज्या अल्बममध्ये ते गाणं आहे, त्याच अल्बमचं शीर्षकगीत कानाआड करायचं?

त्या शीर्षकगीताबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा तिथून निघतो. ‘एक्साइटेबल बॉय’ या गाण्यात एक मुलगा आहे. सुरुवातीला तो रविवारच्या जेवणातलं भाजलेलं मांस छातीला फासतो. मग सिनेमागृहात जागा दाखवणाऱ्या बाईच्या पायाला अंधारात चावतो. मग शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमाला एका मुलीला घेऊन जातो, तिच्यावर बलात्कार करतो, तिला ठार मारतो आणि मग तिला घरी पोचवतो. दहा वर्षांनी सुटून येतो आणि तिची कबर उकरून तिच्या हाडांचा पिंजरा बांधतो. चाल विलक्षण आनंदी आहे, सॅक्सोफोन बागडतो आहे. प्रत्येक कृत्यानंतर ध्रुवपदात आजूबाजूचे लोक मुलाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात आणि विषय मिटवतात.

ध्रुवपदातल्या साथीच्या आवाजांत लिंडा रॉनस्टॅट आणि जेनिफर वॉर्न्स आहेत. त्या काळातले हे फार गोड आवाज. ते तिथे का ठेवले असतील? कडव्यांत घटना आहेत, कोरड्या, एकामागून एक. ध्रुवपदात समाज आहे, आणि तो समाज सुरात आहे, लाघवी आहे, समजूतदार आहे. हसू येतं ते पोराच्या कृत्याला नव्हे. ते येतं त्या समजूतदारपणाला. तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत आपणही ते गुणगुणायला लागलेले असतो, आणि मग आपण कुणाच्या बाजूने गातो आहोत हे ध्यानात येतं. याला ‘धमाल’ म्हणणाऱ्यांनी हे गाणं ऐकलं असेल, पण ते कुणाविषयी आहे याचा विचार केलेला नाही.

त्याच अल्बममधलं ‘रोलँड द हेडलेस थॉम्पसन गनर’ घ्या. १९७५ मध्ये झेवन स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या सिट्जेस गावात एका बारमध्ये गात होता. बार चालवणारा डेव्हिड लिंडेल हा माजी भाडोत्री सैनिक. त्या दोघांनी मिळून हे गाणं लिहिलं. नॉर्वेचा रोलँड काँगोच्या युद्धात पैशासाठी लढतो. सीआयएच्या सांगण्यावरून त्याचाच सोबती त्याचं डोकं उडवतो. बिनडोक्याचा रोलँड आफ्रिकाभर त्याचा माग काढून मोम्बासाच्या एका बारमध्ये सूड घेतो. इथवर ही भुताची गोष्ट आहे. पण गाणं तिथे थांबत नाही. ते भूत आयर्लंड, लेबनॉन, पॅलेस्टाईन असं करत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीपर्यंत येतं, आणि गाण्याचा शेवट पॅटी हर्स्टच्या नावावर होतो. १९७४ मध्ये बर्कलीतूनच अपहरण झालेली आणि पुढे अपहरणकर्त्यांच्याच बाजूने बंदूक उचलणारी ती वृत्तपत्रसम्राटाची नात. दूर आफ्रिकेत पैसे टाकून पेरलेली हिंसा अमेरिकेच्या सर्वांत सुरक्षित घरात येऊन पोचते, हे सांगायला इथे एकही प्रवचन लागलेलं नाही. याच अल्बममध्ये १९१४ मध्ये अमेरिकी सैन्याने मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतलं त्यावरचंही गाणं आहे. ते तर पूर्ण गंभीर आहे. विनोदवीराचा शिक्का मारणारे त्याचं नाव घेत नाहीत, कारण ते शिक्क्यात बसत नाही.

आता दारू. म्हणे, दारूने ही गाणी दिली.

झेवन किशोरवयात हॉलिवूडमध्ये संगीतरचनाकार इगोर स्ट्राव्हिन्स्कीच्या घरी जाऊन त्याचा सहकारी रॉबर्ट क्राफ्ट याच्याबरोबर स्वरलिपी वाचत बसलेला मुलगा होता. साठच्या दशकात त्याने ‘द टर्टल्स’ या बँडसाठी गाणी लिहिली. त्याचा पहिला अल्बम ‘वाँटेड डेड ऑर अलाइव्ह’ सपशेल पडला. मग तो एव्हर्ली बंधूंच्या वाद्यवृंदाचा पियानोवादक आणि प्रमुख झाला आणि दुसऱ्यांच्या सुरांमागे उभं राहून कसब घोटत राहिला. १९७६ चा ‘वॉरन झेवन’ हा अल्बम गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनने घडवून आणला, पण त्यातली गाणी एका रात्रीत, एका बाटलीत जन्मलेली नाहीत. ‘कार्मेलिटा’चंच पाहा. मेथाडोन बंद झालेलं, सरकारी मदतीचा चेक बंद झालेला, अशा लॉस एंजेलिसमधल्या हेरॉइनच्या गुलामाचं ते गाणं. कॅनडाच्या मरे मॅकलॉक्लनने ते १९७२ मध्येच रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे झेवनच्या अल्बमवर यायच्या चार वर्षं आधी ते लिहून तयार होतं.

‘डेस्पराडोज अंडर द ईव्ह्ज’ तर दारूचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केलं जातं. हॉलिवूडच्या एका स्वस्त हॉटेलात बिल थकवून अडकलेला, सकाळी हात थरथरणारा दारुडा त्यात बोलतो. खरंच आहे. पण त्या गाण्यातली तंतुवाद्यं कशी येतात ते ऐकलं आहे का? एका चुकार, भणभणत्या डोक्यात वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू येते, ती घरघर हळूहळू सूर होते, सुरांचा समूह होतो, बीच बॉईजच्या कार्ल विल्सनचा आवाज त्यात मिसळतो, आणि बघता बघता त्या कोंदट खोलीचं छप्पर उघडतं. हे बांधकाम आहे. यासाठी शुद्ध हवी, कान हवा, वर्षानुवर्षांचा सराव हवा. दारूबद्दल लिहिणं आणि दारूने लिहिणं यांत फरक असतो. ज्याचे हात थरथरतात त्याला ते थरथरणारे हात इतक्या नेमकेपणी मांडता यायचे नाहीत, निदान त्या क्षणी तरी नाहीत.

आणि दारूचा खरा हिशेब मांडायचाच असेल तर तारखा बघा. १९८० चा ‘बॅड लक स्ट्रीक इन डान्सिंग स्कूल’ त्याने केन मिलरला अर्पण केला. केन मिलर म्हणजे रॉस मॅकडोनाल्ड, रहस्यकथांचा मोठा लेखक, जो झेवनच्या वाईट काळात त्याला भेटायला स्वतः गेला होता. त्या अल्बममध्ये ‘प्ले इट ऑल नाइट लाँग’ आहे, शेतकरी अमेरिकेच्या गोडगुलाबी चित्राचा घेतलेला सर्वांत निर्दय समाचार: गुरांचा रोग, युद्धावरून मोडून आलेला भाऊ, कर्करोग, देहधर्मावरचा ताबा गेलेले आजोबा. १९८२ मध्ये ‘द एन्व्हॉय’ आला. त्याचं शीर्षकगीत फिलिप हबीबवर आहे, पश्चिम आशियात युद्धं विझवत फिरणाऱ्या अमेरिकी दूतावर. रॉकच्या इतिहासात एका वयस्क मुत्सद्द्यावर असं थेट गाणं मला तरी दुसरं सापडलेलं नाही. तो अल्बम खपला नाही, रेकॉर्ड कंपनीने झेवनला काढून टाकलं, आणि ही बातमी त्याला ‘रोलिंग स्टोन’ मासिकात वाचून कळली. त्यानंतर तो बाटलीत बुडाला. पुढचा अल्बम आला तो १९८७ मध्ये.

मधल्या पाच वर्षांत एकही नवा अल्बम नाही. ज्या दारूने गाणी दिली असं सांगता, ती दारू त्या पाच वर्षांत मुबलक होती. मग गाणी कुठे होती?

सत्तरच्या दशकात तो पीत होता आणि लिहीतही होता, हे कुणी नाकारत नाही. पण दोन गोष्टी एकाच घरात राहत होत्या म्हणून एक दुसरीची आई होत नाही. त्याच्या मोठेपणाचं श्रेय त्याच्या रोगाला देणं हा त्याच्या श्रमाचा अपमान आहे. शिवाय त्या घरात आणखीही माणसं होती. क्रिस्टल झेवन या त्याच्या पूर्वपत्नीने २००७ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं, त्याच्या ओळखीच्या असंख्य माणसांच्या तोंडून. काहीही लपवू नकोस, असं त्यानेच मरण्यापूर्वी तिला सांगितलं होतं. त्या पुस्तकात मारहाण आहे, भीती आहे, मुलांकडे फिरवलेली पाठ आहे. ते वाचून झाल्यावरही ‘काय अवलिया होता!’ म्हणून हसणारे लोक मी पाहिले आहेत.

त्या हसणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. १९७८ च्या त्या ‘एक्साइटेबल बॉय’ गाण्यात तुम्ही कुठे आहात? त्याने बायकोवर हात उगारला, तरी कलावंत होता. त्याने बंदूक रोखली, तरी कलावंत होता. मुलांना बाप मिळाला नाही, पण काय गाणी दिली! हे त्याच गाण्याचं ध्रुवपद आहे, आणि ते तुम्ही गाता आहात, अगदी गोड आवाजात. झेवनने तुमचं हे वागणं तुमच्या आधी ओळखलं, त्यावर गाणं केलं, आणि तुम्ही त्या गाण्यावर टाळ्या वाजवून पुन्हा तेच करत राहिलात. त्याला हा सवलतीचा न्याय नको होता. नाहीतर त्याने काहीही लपवू नकोस असं सांगितलं नसतं.

म्हणूनच ‘सेंटिमेंटल हायजीन’ महत्त्वाचा. दारू सोडून केलेला, चाळिशीतल्या माणसाचा हा अल्बम. त्याची पहिली खोड काढली जाते ती पाहुण्यांवरून. ठीक, पाहुणे मोजू. नील यंग एका गाण्यात गिटार वाजवतो. बॉब डिलन एका गाण्यात हार्मोनिका वाजवतो. उरले आर.ई.एम.चे बिल बेरी, पीटर बक आणि माइक मिल्स. ते अल्बमचा कणा आहेत, हे खरं. पण ते तेव्हा कोण होते? जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला, कॉलेजांच्या रेडिओवर गाजणारा बँड. त्यांचं पहिलं मोठं यश, ‘द वन आय लव्ह’, झेवनचा हा अल्बम ऑगस्ट १९८७ मध्ये बाजारात आल्यानंतर यादीत चढलं. ज्यांच्या खांद्यांवर तो उभा होता म्हणता, ते खांदे अजून तेवढे रुंद झालेच नव्हते. शिवाय ही माणसं झेवनबरोबर १९८४ पासून वाजवत होती, जेव्हा त्याच्याकडे रेकॉर्ड कंपनीही नव्हती. नावांचा खरंच एवढा प्रताप असता तर बिलबोर्डच्या यादीत हा अल्बम ६३ व्या क्रमांकावर अडकला नसता.

दुसरी तक्रार, की तो सभ्य झाला, धार गेली. या तक्रारीला माझं उत्तर ‘बूम बूम मॅन्सिनी’ हे गाणं आहे.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये ओहायोतल्या यंग्सटाउनचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डुक कू यांची जागतिक अजिंक्यपदाची लढत झाली. टीव्हीवर अमेरिकाभर ती दिसली. चौदाव्या फेरीत किम कोसळला आणि काही दिवसांत मेंदूच्या दुखापतीने मेला. पुढच्या वर्षभरात किमच्या आईने आत्महत्या केली, लढतीच्या पंचानेही केली. एकदम सगळ्यांना मुष्टियुद्धाचं क्रौर्य दिसलं. अग्रलेख आले, मॅन्सिनीवर प्रश्नांचा मारा झाला, जाहिरातदार दूर झाले. जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने अजिंक्यपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आणल्या.

झेवनने या प्रकरणावर काय लिहिलं? रडगाणं नाही, निषेधगीतही नाही. ड्रम ठोशांसारखे पडतात आणि ध्रुवपदात एक सामान्य माणूस सांगतो की आज लवकर घरी जायचं आहे, टीव्हीवर मॅन्सिनीची लढत आहे. लढत कुणाशी? बॉबी चाकॉनशी, म्हणजे १९८४ ची. किम मरून वर्षाहून जास्त झालं आहे. प्रेक्षक अजूनही संध्याकाळी लवकर घरी निघाला आहे. कडव्यांत किमच्या मृत्यूचा उल्लेख येतो, जबाबदार कोण हा प्रश्न येतो, मागाहून निवाडे देणाऱ्यांचा ढोंगीपणा येतो, आणि पुन्हा ते ध्रुवपद, तोच उत्साह. मारणं आणि मार खाणं हाच ज्याचा धंदा त्या पोराला तुम्ही खुनी ठरवता, आणि त्याची पुढची लढत बघायला टीव्हीसमोर बसणाऱ्याला काय म्हणता?

आता ‘एक्साइटेबल बॉय’ची रचना आठवा. कडव्यांत घटना, ध्रुवपदात गर्दी, आणि ऐकणाऱ्याला नकळत त्या गर्दीत उभं करणं. दोन्ही गाण्यांत नऊ वर्षांचं अंतर आहे. एक पिणाऱ्या माणसाचं, एक न पिणाऱ्याचं. कारागिरी तीच आहे. पण पहिल्यात मुलगा काल्पनिक होता, मेलेली मुलगीही काल्पनिक होती. दुसऱ्यात मॅन्सिनी जिवंत आहे, किम खरोखर मेलेला आहे, आणि प्रेक्षकांत आपण आहोत. धार वाढली की कमी झाली?

दारू सोडण्याचाही त्याने देव्हारा केला नाही. ‘डिटॉक्स मॅन्शन’ हे गाणं व्यसनमुक्तीच्या श्रीमंत केंद्रांवर आहे, जिथे सिनेमातल्या बड्या नावांच्या शेजारी उभं राहून पालापाचोळा गोळा करायचा आणि त्यालाही प्रसिद्धीचा भाग करायचं. ‘ट्रबल वेटिंग टु हॅपन’मध्ये गाणाऱ्याला आपण केलेल्या गोष्टी मासिक वाचून कळतात. १९८१ मध्ये समीक्षक पॉल नेल्सनने ‘रोलिंग स्टोन’मध्ये त्याच्या व्यसनावर आणि सावरण्यावर मोठा लेख लिहिला होता, आणि पुढे कंपनीने काढून टाकल्याची बातमीही त्याला त्याच मासिकातून मिळाली होती, हे गाणं त्या दोन्ही जखमांवर एकदम बोट ठेवतं. बरा झालेला दारुडा म्हणून सहानुभूती मागायची संधी होती. त्या काळात अनेकांनी ती साधली. झेवनने ती नाकारली. फक्त ‘रीकन्सिडर मी’ या एका गाण्यात तो हात जोडतो, आणि तिथे एकही विनोद नाही. माझा पुन्हा विचार कर, एवढंच मागणं. माफीला कुठलीही सबब जोडलेली नाही. ज्याला केवळ थट्टाच येते त्याला थट्टा कुठे थांबवायची हे कळत नाही. याला कळत होतं.

अल्बमचा शेवट ‘लीव्ह माय मंकी अलोन’ने होतो. हे गाणं केनियातल्या माऊ माऊ उठावावर आहे, आणि फंक संगीतकार जॉर्ज क्लिंटनच्या हाताखाली त्याला नाचाच्या तालावर बसवलं आहे. त्या वर्षांतल्या यांत्रिक तालांनी त्याचं नुकसान केलं आहे, एवढं मी मान्य करतो. पण वसाहतवादी गोऱ्याची मिजास नाचाच्या ठेक्यावर आणून ठेवण्याची कल्पना शिथिल झालेल्या माणसाला सुचते का?

राहिली मरणाची गोष्ट. ऑगस्ट २००२ च्या सुमारास झेवनला मेसोथेलिओमा या कर्करोगाचं निदान झालं. ३० ऑक्टोबरला डेव्हिड लेटरमनने आपला टीव्हीवरचा सगळा कार्यक्रम त्या एकट्या पाहुण्याला दिला. ‘द विंड’ ऑगस्ट २००३ मध्ये आला. ७ सप्टेंबरला, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. त्या अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले, त्याच्या पश्चात. मग एकमुखाने निर्वाळा निघाला, की मरणाने त्याला गंभीर केलं.

ज्याच्या १९७६ च्या अल्बममधल्या एका गाण्याचं शीर्षकच मेल्यावरच्या झोपेचं आहे, त्याला मरण २००२ मध्ये भेटलं? जानेवारी २००० मध्ये, निदानाच्या अडीच वर्षं आधी, त्याने ‘लाइफ’ल किल या’ हा अख्खा अल्बम देहाच्या मोडकळीवर केला: डॉक्टरसमोर बसलेला रोगी, आजारपणाची भीती, एकमेकांना सांभाळून राहण्याची विनवणी. तेव्हा तो आजारी नव्हता, निदान त्याला तसं माहीत नव्हतं. २००२ च्या ‘माय राइड्स हिअर’साठी त्याने आयरिश कवी पॉल मल्डून आणि अमेरिकी लेखक हंटर थॉम्पसन यांच्याबरोबर गाणी लिहिली, तीही निदानाच्या आधी. मरणाने त्याच्या गाण्यांत काही नवीन आणलं नाही. मरणाने फक्त ऐकणाऱ्यांना थोडा वेळ गप्प बसवलं.

आणि त्याही आधीचं, ‘सेंटिमेंटल हायजीन’मधलं तिसरं गाणं पाहा, ‘द फॅक्टरी’, ज्यात डिलनची हार्मोनिका आहे. एका कामगाराचं गाणं. बाप कारखान्यात जखमी होऊन घरी बसला, त्याची जागा मुलाला मिळाली. तो मोटारींचे भाग ठोकतो, पीव्हीसी बनवतो, प्लास्टिकची हवा फुप्फुसांत घेतो. आणि अॅस्बेस्टॉस हाताळतो. मेसोथेलिओमाचं मुख्य कारण अॅस्बेस्टॉस आहे, हे वैद्यकाला तेव्हाही माहीत होतं. या योगायोगात नियतीचा संकेत वगैरे शोधणाऱ्यांची कमी नाही, आणि मला तेही संतापजनक वाटतं. १९८७ मध्ये झेवन स्वतःचं भविष्य सांगत नव्हता. तो दुसऱ्यांच्या फुप्फुसांबद्दल बोलत होता, ज्या माणसांवर दोन ग्रॅमी आणि लेटरमनचा एक तास कधीच खर्च होणार नव्हता. त्या गाण्यात मरण आहे, वर्ग आहे, वारसा आहे, राग आहे, आणि ते सगळं गाणारा मजूर तक्रार करत नाही म्हणून ते अधिक जिव्हारी लागतं.

हे गाणं लिहिणारा माणूस शुद्धीवर होता. मॅन्सिनीचं गाणं लिहिणारा माणूस शुद्धीवर होता. माफी मागणारा आणि व्यसनमुक्तीच्या बाजाराला नागडं करणारा माणूसही तोच, आणि तोही शुद्धीवर होता. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने झेवनला प्रभावाबद्दलचा सन्मान दिला, मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, आणि लगेच तेच जुने किस्से पुन्हा फिरायला लागले: पिस्तूल, व्होडका, नरलांडगा. त्या किश्शांसाठी तुम्हाला झेवन लागत नाही. असे दारुडे कोणत्याही शहरात सापडतात, आणि त्यांतला एकही ‘सेंटिमेंटल हायजीन’ची दहा गाणी लिहीत नाही. ती त्याने लिहिली, बाटली खाली ठेवून, कंपनीने हाकलून दिल्यावर, पाच रिकामी वर्षं मागे टाकून. त्या दहा गाण्यांचं श्रेय त्याचं आहे, बाटलीचं नाही, आणि तसंच १९७६ चं, १९७८ चंही.